सोन्यावरची रेणूंची रांग आणि ऊब

घरात गॅस गळतोय हे आपल्याला कळतं ते वासामुळे. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो कुजकट वास मुद्दाम घातलेल्या एथिल मरकॅप्टनचा असतो. हवेच्या अब्ज भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला तो लागतो. त्याचा रेणू अगदी छोटा आहे: दोन कार्बनची साखळी आणि तिच्या एका टोकाला गंधकाचा अणू. अशा रेणूंना आता थायॉल म्हणतात. मरकॅप्टन हे जुनं नाव झाइझ या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९व्या शतकात दिलं, आणि त्याचा अर्थ होतो 'पाऱ्याला धरून ठेवणारा'. या रेणूचा धातूवर असलेला जीव त्याच्या नावातच उतरला आहे.

गंधकाची ही ओढ आपल्याला घरातही दिसते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीचे पैंजण काळे पडतात. सोनं काळं पडत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावरचे अणू गंधकाला घट्ट धरतात. त्यामुळे दहा-बारा किंवा अठरा कार्बनची लांब साखळी असलेला थायॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात सोन्याचा तुकडा बुडवला, की काही तासांत त्यावर रेणूंचा एक थर चढतो. एकच थर. सगळे रेणू गंधकाचं टोक खाली आणि शेपूट वर करून शेजारी शेजारी उभे राहतात. कोणी रंग फासत नाही, कोणी मोजून बसवत नाही. रेणू आपले आपणच जुळतात, म्हणून याला स्वयंजुळणीचा थर म्हणायचं.

अशा थरांची कल्पना जुनी आहे. विल्यम झिसमन यांच्या गटाने १९४६ साली प्लॅटिनमवर असे थर चढवून दाखवले होते. सोनं आणि गंधक या जोडीची गोष्ट खरी सुरू झाली १९८३ साली, अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये, नझो आणि अलारा यांच्या कामातून. त्यानंतर हजारो प्रयोगशाळांनी हा प्रयोग केला, कारण तो करायला फार काही लागत नाही. मला आज ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती मात्र या सोपेपणामुळेच दुर्लक्षित राहते. ती म्हणजे तापमान. किती वेळ बुडवलं, द्रावण किती तीव्र होतं, हे सगळे लिहून ठेवतात. तापमानाच्या रकान्यात 'खोलीचं तापमान' एवढंच असतं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी हा थर पहिल्यांदा चढवला तेव्हाचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. काचेच्या पट्टीवर चढवलेला सोन्याचा पातळ मुलामा होता. नुकत्याच स्वच्छ केलेल्या सोन्यावर पाण्याचा थेंब ठेवला, तर तो पसरून पातळ झाला. मग ती पट्टी अठरा कार्बनच्या थायॉलच्या द्रावणात रात्रभर ठेवली. सकाळी काढून अल्कोहोलने धुतली आणि नायट्रोजनच्या झोताने वाळवली. बघायला काहीच फरक नव्हता, तेच पिवळं सोनं. पण थेंब ठेवला तर तो अळवाच्या पानावर राहतो तसा फुगून उभा राहिला, आणि पट्टी जरा कलती केली तसा घरंगळून गेला. त्या थराची जाडी जेमतेम दोन नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यापुढे हे काहीच नाही. तरीही पाण्याच्या दृष्टीने ते सोनं राहिलं नव्हतं, मेण झालं होतं.

थेंब उभा राहिला म्हणजे थर चढला, एवढं नक्की. थर चांगला चढला का, हे थेंब सांगत नाही. त्यासाठी रेणू पाहावे लागतात, आणि ते पाहायचं साधन म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. बिनिग आणि रोहरर यांनी झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत १९८१ साली तो तयार केला, त्यासाठी १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. अणुएवढ्या टोकाची सुई पृष्ठभागावरून अगदी जवळून फिरवायची आणि मधल्या फटीतून झिरपणारा विद्युतप्रवाह मोजायचा, हे त्याचं तत्त्व.

या सुईला काय दिसतं? चांगल्या सपाट सोन्यावर अणू षटकोनी मांडणीत असतात, दोन शेजारी अणूंमध्ये ०.२८८ नॅनोमीटर अंतर. प्रत्येक अणूवर एक रेणू बसू शकत नाही, साखळ्या तेवढ्या बारीक नसतात. म्हणून रेणूही षटकोनीच पण जरा फिरवलेल्या मांडणीत बसतात, एकमेकांपासून सुमारे अर्ध्या नॅनोमीटरवर. हे अंतर साखळ्यांना किंचित जास्त होतं. त्यांना एकमेकींना चिकटून राहायचं असतं. मग त्या काय करतात? फळीवर पुस्तकं थोडी कमी पडली की ती सगळी एका बाजूला कलंडून एकमेकांना टेकतात, तशा सगळ्या साखळ्या एकाच दिशेने साधारण ३० अंशांनी कलतात.

आता खरी अडचण इथे येते. कलायचं कुठल्या दिशेला? सोन्याची मांडणी षटकोनी, त्यामुळे सारख्याच सोयीच्या अनेक दिशा उपलब्ध. पृष्ठभागावर एका ठिकाणी रेणूंची टोळी जमते आणि ती एका दिशेला कलते, पलीकडे दुसरी टोळी जमते ती दुसऱ्या दिशेला. दोन्ही वाढत वाढत एकमेकींना भिडतात आणि जिथे भिडतात तिथे रांगा जुळत नाहीत. भाजीच्या शेतात वाफे असतात ना, प्रत्येक वाफ्यात सऱ्यांची दिशा वेगळी आणि मध्ये बांध, तसं सोन्यावरचं चित्र दिसतं. मी यांना वाफे आणि बांधच म्हणतो. वाफ्याच्या आत रेणू दाट आणि शिस्तीत. बांधावर विरळ, विस्कटलेले. पाण्यातले आयन आत शिरतात ते बांधावरून, गंजाची सुरुवात होते ती बांधावरून, आणि पुढे पाहू तसे तापवल्यावर रेणू उडायला लागतात तेही आधी बांधावरूनच. थर चांगला की वाईट याचा निकाल बऱ्याच अंशी वाफे किती मोठे आहेत यावर लागतो.

वाफे लहान का राहतात हे समजायला थर कसा भरत जातो ते पाहावं लागेल. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेत पॉइरियर आणि पायलंट यांनी निर्वात पोकळीत सोन्यावर थायॉलची वाफ थोडी थोडी सोडत हे टप्प्याटप्प्याने पाहिलं आणि १९९६ साली प्रसिद्ध केलं. सुरुवातीला जागा भरपूर असते, तेव्हा रेणू सोन्यावर आडवे पडतात. अख्खी साखळी पृष्ठभागाला टेकवून लोळत असतात, आणि त्यांचे पट्टे पट्टे दिसतात. गर्दी वाढली की आडवं पडणं परवडत नाही. मग एखाद्या ठिकाणी काही रेणू उभे राहतात, त्यांच्याभोवती आणखी उभे राहतात, आणि उभ्यांची बेटं पसरत जाऊन आडव्यांना संपवतात. पहाटेच्या लोकलमध्ये बाकावर आडवा झालेला माणूस ठाणे येईपर्यंत उठून बसतो आणि पुढे उभाच राहतो, तसंच काहीसं.

द्रावणातून थर चढवताना हे सगळं फार झपाट्याने होतं. पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक जागा भरून जाते. मात्र भरणं आणि नीट बसणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुढचे कित्येक तास जातात ते दुसऱ्या कामात: वाकडा उभा राहिलेला रेणू सरळ होणं, दोन रांगांमध्ये अडकलेला रेणू योग्य जागी सरकणं, छोटा वाफा मोठ्या वाफ्यात विरून जाणं. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी रेणूला आधी आपली सध्याची जागा सोडावी लागते. जागा सोडायची तर धरलेली पकड क्षणभर सैल करावी लागते. पकड सैल करण्याची ताकद रेणूला मिळते ती उष्णतेतून.

आपल्याला उष्णता म्हटलं की मोडतोड आठवते. बर्फ वितळतो, मेण ओघळतो, दूध नासतं. त्यामुळे रेणूंची शिस्तबद्ध रांग असेल तर ऊब तिची शत्रूच असणार असं वाटतं. घरातली एक गोष्ट मात्र उलटं सांगते. लोणी कढवून तूप केलं की ते गाळून भांडं ओट्यावर झाकून ठेवायचं, हळूहळू निवू द्यायचं. दुसऱ्या दिवशी तूप छान रवाळ होतं, कणी मोठी पडते. तेच गरम तूप घाईने फ्रिजमध्ये ठेवलं तर ते गुळगुळीत गोळा होतं, कणी दिसतच नाही. रेणू तेच, तूप तेच. सावकाश निवताना तुपाच्या रेणूंना आपली जागा शोधायला, चुकलं तर सुटून पुन्हा बसायला वेळ आणि ऊब दोन्ही मिळतात. फ्रिजमध्ये जो जिथे होता तिथेच गोठतो.

सोन्यावरच्या रेणूंचंही हेच आहे. ऊब म्हणजे रेणूंची सततची थरथर. ज्वारीचा डबा भरताना आपण तो अधूनमधून जमिनीवर हलकेच आपटतो, दाणे खाली बसतात आणि आणखी मावतात. आपटलाच नाही तर मध्ये पोकळ्या राहतात. जोरात आपटला तर दाणे बाहेर सांडतात. या दोहोंच्या मधली जी हलकी आपट आहे, तिच्या शोधात या विषयावर काम करणारे लोक गेली तीसेक वर्षं आहेत.

ती किती हलकी हवी, याचा हिशेब करता येतो, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात तापमानाची खरी ताकद दिसते. कुठलीही जागा सोडायची तर रेणूला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. रेणू त्या उंबरठ्यावर सेकंदाला साधारण दहा लाख कोटी वेळा धडका देतो, म्हणजे एकावर तेरा शून्यं. त्यातल्या किती धडका यशस्वी होतात, हे उंबरठ्याच्या उंचीवर आणि तापमानावर ठरतं, आणि तापमान थोडं वाढलं तरी यशस्वी धडका कित्येक पटींनी वाढतात.

थायॉल सोन्यावरून उडून जायला ओलांडायचा उंबरठा मोलामागे सुमारे १२५ किलोज्यूल आहे. तेवढा धरून हिशेब केला तर २५ अंश सेल्सियसला एक रेणू सरासरी २६ वर्षं जागेवर राहील. ७७ अंशांना पाच दिवस. १०० अंशांना नऊ तास. १३५ अंशांना १७ मिनिटं. हा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, खऱ्या थरात शेजाऱ्यांचा आधार, बांध, हवेतला ऑक्सिजन अशा बाकीच्याही गोष्टी येतात. पण २६ वर्षांवरून १७ मिनिटांवर यायला फक्त ११० अंश लागले, हे डोक्यात ठेवण्यासारखं आहे.

आता सोन्यावरच राहून जागा सुधारण्याचा उंबरठा घ्या. तो उडून जाण्याच्या उंबरठ्यापेक्षा कमी असतो, कारण सरकताना रेणूला सोन्याची साथ पूर्ण सोडावी लागत नाही. उदाहरणापुरता तो ९० किलोज्यूल धरू. शून्य अंशाला अशी एक दुरुस्ती व्हायला साडेचार तास लागतील. २५ अंशांना दहा मिनिटं. ६० अंशांना १३ सेकंद. आणि त्याच ६० अंशांना उडून जायला? सुमारे ४७ दिवस. म्हणजे ६० अंशांवर रेणू चूक सुधारायला भरपूर मोकळा आहे आणि पळून जायला जवळजवळ अडकलेला. हीच ती खिडकी. तिच्या खाली चुका गोठतात, तिच्या वर थरच उडतो.

प्रयोगांत हे अगदी स्वच्छ दिसतं. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात यामादा, वानो आणि उओसाकी यांनी २००० साली दहा कार्बनच्या थायॉलचे थर वेगवेगळ्या तापमानाच्या अल्कोहोलमध्ये चढवून पाहिले. द्रावण जितकं उबदार, तितके वाफे मोठे. फक्त तापमान बदललं होतं.

त्यांच्या आणि इतर अनेकांच्या चित्रांत आणखी एक गोष्ट दिसते, ती समजून घेण्यासारखी आहे. थर चढल्यावर सोन्यावर ठिकठिकाणी काळे खड्डे दिसतात. पूर्वी लोकांना वाटायचं की तिथे रेणू नाहीत, थराला भोकं पडली आहेत. खोली मोजली तर ती सगळीकडे सारखीच निघाली: ०.२४ नॅनोमीटर, म्हणजे सोन्याच्या अणूंचा बरोबर एक थर. खड्ड्याच्या तळाशीही थायॉल नीट उभे असतात. सोन्याचा वरचा थरच तिथे एका अणूने खचलेला असतो. याचा अर्थ थायॉल येऊन नुसते सोन्यावर बसत नाहीत, ते सोन्याचे अणू उपसूनही काढतात. पुढच्या संशोधनात हे आणखी स्पष्ट झालं: अनेक ठिकाणी सुटा सोन्याचा अणू मध्ये आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गंधक, अशी कमान असते. स्टॅनफर्डमध्ये कॉर्नबर्ग यांच्या गटाने २००७ साली १०२ सोन्याचे अणू आणि ४४ थायॉल असलेल्या एका कणाची स्फटिकरचना उलगडली, तिच्यातही अशाच कमानी सापडल्या.

तापवल्यावर या खड्ड्यांचं काय होतं? आमटीवर तेलाचे बारीक थेंब तरंगत असतात, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर थोडेच पण मोठे थेंब उरतात. खड्ड्यांचंही तसंच होतं. छोट्या खड्ड्याच्या कडेचे अणू सैल असतात, ते सुटून फिरतात, छोटे खड्डे बुजतात आणि मोठे आणखी मोठे होतात. सोन्याचं एक सपाट पठार संपून एका अणूने खालचं दुसरं सुरू होतं तिथे पायरी असते; काही खड्डे सरकत सरकत तिच्या कडेला पोचतात आणि तिच्यात विरून जातात. गंमत अशी की थायॉल चढलेल्या सोन्याचे अणू उघड्या सोन्याच्या अणूंपेक्षा सहज हलतात, कारण गंधकाने त्यांची आपापसातली पकड ढिली केलेली असते. तेव्हा ऊब दिली की वरची रांगही सुधारते आणि खालची जमीनही सपाट होते.

खालच्या जमिनीला तर प्रयोगाच्या आधीही ऊब लागतेच. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर सोनं चढवलेलं असतं, त्यावरून गॅसची बारीक ज्योत फिरवायची. अंधाऱ्या खोलीत करायचं हे काम, कारण सोनं मंद लालसर-नारिंगी दिसायला लागलं की लगेच ज्योत काढायची. थोडा उशीर झाला तर मुलामा गोळा होतो आणि पट्टी वाया जाते. माझ्या अशा कितीतरी पट्ट्या वाया गेल्या. सोनाराची फुंकणी चालवणारा हात जे जाणतो, तेच इथे शिकावं लागतं. जमलं की सोन्यावर शेकडो नॅनोमीटर लांबीची सपाट पठारं तयार होतात, आणि त्यावरच मोठे वाफे वाढू शकतात.

आता एक बारकावा, जो अनेकदा निसटतो. थर तापवायचा, पण कुठे? थायॉलच्या द्रावणातच तापवला तर एखादा रेणू सुटला तरी त्याची जागा घ्यायला वर हजारो रेणू टपलेले असतात. दाटी टिकते, फक्त मांडणी सुधारते. तोच थर बाहेर काढून निर्वात पोकळीत तापवला तर गेलेला रेणू गेलाच. आधी बांधांवरचे जातात. मग उरलेल्यांना जागा मोकळी होते आणि ते पुन्हा आडवे पडायला लागतात, पॉइरियर यांनी सुरुवातीला पाहिले होते तसे पट्टे दिसायला लागतात. म्हणजे भरताना जी गोष्ट पुढे गेली, तीच तापवताना मागे येते. १९९४ साली आयबीएमच्या झुरिकमधल्या गटाने बारा कार्बनच्या थायॉलवर केलेल्या कामात ही दोन्ही रूपं दिसतात: बेताने तापवलं तर वाफे वाढले आणि खड्डे कमी झाले, जास्त तापवलं तर रेणू घटले आणि रचना सैल पडली. साध्या शुद्ध द्रावकात, म्हणजे थायॉल नसलेल्या अल्कोहोलमध्ये किंवा तेलात, ७०-८० अंशांना ठेवलं तरी थर हळूहळू सुटत जातो. तेव्हा 'तापवल्याने थर सुधारतो' आणि 'तापवल्याने थर बिघडतो' ही दोन्ही विधानं खरी असू शकतात. विचारायचा प्रश्न असा की शेजारी रेणूंचा साठा होता का.

साखळीच्या लांबीचाही यात हात आहे. साखळीतला प्रत्येक कार्बन शेजारच्या साखळीला थोडं धरून ठेवतो. सहा कार्बनच्या छोट्या साखळ्यांचं हे बळ इतकं कमी पडतं की खोलीच्या तापमानालाही त्या ढिल्या, अर्धवट द्रवासारख्या असतात. सोळा-अठरा कार्बनच्या साखळ्या मात्र मेणासारख्या घट्ट. पण घट्ट म्हणजे निश्चल नव्हे. गंधकाचं टोक जागेवर पक्कं असतं आणि वरचं शेपूट वळवळत असतं, त्यात अधूनमधून मोड पडतात आणि सुटतात. तापमान वाढवलं की हे मोड टोकाकडून आत सरकत जातात. अवरक्त प्रकाशाने हे मोजता येतं: सरळ, नीट बांधलेल्या साखळ्या एका विशिष्ट लहरीशी प्रकाश शोषतात, आणि साखळ्या वाकायला लागल्या की ती रेषा थोडी सरकते. थर निवल्यावर रेषा पुन्हा जागेवर आली तर समजायचं की साखळ्या नुसत्या वाकल्या होत्या. परत आली नाही तर रेणूच गेले.

थायॉलची सोन्याशी रासायनिक गाठ असते, म्हणून एवढी घट्ट पकड असं कोणी म्हणेल. पण नुसते टेकून बसणारे मोठे, चपटे रेणूही असेच अडकतात. पॉर्फिरिन हा त्यातला सुंदर रेणू. रक्तातला हीम आणि पानातलं हरितद्रव्य याच कुळातले. चकतीसारखा सपाट, मधोमध धातूचा एक अणू. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात हिप्स यांच्या गटाने मधोमध कोबाल्ट असलेला आणि मधोमध निकेल असलेला असे दोन पॉर्फिरिन घेतले. बाकी सगळं सारखं. मायक्रोस्कोपखाली कोबाल्टचा मध्य लख्ख उजळ दिसतो, निकेलचा मध्य काळा. म्हणजे कोणता रेणू कोण, हे एकेक बोट ठेवून सांगता येतं. मोत्यांच्या पडद्यात काही मणी पेटलेले आणि काही विझलेले असावेत तसं ते चित्र दिसतं.

मग त्यांनी सोन्यावर एका प्रकारचा थर चढवला आणि तो दुसऱ्या प्रकारच्या द्रावणात ठेवला. खालचे सुटत असतील तर वरचे त्यांची जागा घेतील आणि पेटलेल्या-विझलेल्या मण्यांचं प्रमाण बदलेल. २५ अंशांना ते बदललं नाही. नुसत्या द्रावकाखाली तर थर आठवडे झाले तरी जसाच्या तसा. अदलाबदल मोजण्याइतकी दिसायला १३५ अंशांपर्यंत जावं लागलं. इथेही सुटण्याचा उंबरठा १२५ किलोज्यूलच्या घरातला निघाला.

मला हा प्रयोग या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कारण आकड्यांत नाही. स्वयंजुळणी म्हटलं की पुस्तकांत एक वाक्य हमखास असतं: रेणू सर्वांत कमी ऊर्जेची रचना निवडतात. हे वाक्य तेव्हाच खरं, जेव्हा रेणूंना येण्या-जाण्याची मुभा असते. खोलीच्या तापमानाला पॉर्फिरिन येतात, बसतात आणि उठतच नाहीत. दोन प्रकारचे रेणू मिसळून ठेवले तर सोन्यावरचं प्रमाण द्रावणातल्या प्रमाणाइतकंच येतं. कोण सोन्याला जास्त घट्ट धरतो हे त्यात उतरतच नाही, कारण ज्याची पकड कमी त्यालाही कोणी हटवत नाही. आपण मायक्रोस्कोपखाली बघतो ती उत्तम रचना असतेच असं नाही. पुष्कळदा ती आधी पोचलेल्यांची रचना असते. ती खरोखर समतोलाची आहे का, हे ठरवायचं तर ती तापवून, निववून, पुन्हा पाहायला हवी. तेवढं न करता केलेले दावे मी साशंकतेने वाचतो.

आणि म्हणून मला 'खोलीचं तापमान' या शब्दांचा त्रास होतो. खोली कुठली? जानेवारीतल्या पुण्यात एखाद्या प्रयोगशाळेत सकाळी २० अंश असतात. मे महिन्यात नागपुरात रात्री वातानुकूलन बंद पडलं तर तीच बाटली ३५ अंशांवर बसलेली असते. ९० किलोज्यूलच्या उंबरठ्याची जी दुरुस्ती आपण वर पाहिली, ती या दोन ठिकाणी सहापट वेगवेगळ्या गतीने होईल. दोन विद्यार्थी एकच कृती अक्षरशः पाळतील आणि दोन वेगळे थर घेऊन येतील. मग दोष कोणाच्या हाताचा, कोणाच्या सोन्याचा, कोणाच्या रसायनाचा यावर आठवडे जातात. आमच्या प्रकल्पात दोन महिने असेच गेले. हिवाळ्यातले थर सगळे गळके निघत होते, आणि बाटलीशेजारी थर्मामीटर ठेवण्याचं कोणालाही सुचलं नाही.

हे थर आता नुसत्या कुतूहलाचे राहिलेले नाहीत. रक्तातलं एखादं प्रथिन ओळखणाऱ्या जैवसंवेदकांत सोन्याच्या चकतीवर आधी थायॉलचा थर असतो आणि त्याच्या वरच्या टोकाला प्रथिन पकडणारा रेणू अडकवलेला असतो. थर गळका असेल तर नको ते रेणू बांधांतून सोन्याला चिकटतात आणि वाचन चुकतं. तांब्यावर असे थर गंज अडवण्यासाठी वापरून पाहिले जातात, तिथेही फुटतं ते बांधावर. साठवणुकीतही तापमान येतंच: उघड्या हवेत काही आठवड्यांत गंधकाचं ऑक्सिडीकरण होऊन थर कमजोर होतो, आणि उन्हाळ्यात ते लवकर होतं.

ज्यांना हा थर करून बघायचा आहे त्यांच्यासाठी आम्ही शेवटी ज्या रीतीवर स्थिरावलो ती सांगतो. ज्योतीने तापवून निववलेली सोन्याची पट्टी ताजी असतानाच थायॉलच्या द्रावणात सोडायची. बाटलीचं झाकण घट्ट, कारण अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि झाकण सैल राहिलं तर सकाळपर्यंत बाटली कोरडी. वास उग्र असतो, म्हणून सगळं धूर ओढणाऱ्या कपाटात. बाटली ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवायची, शेजारी थर्मामीटर, आणि आकडा वहीत. काही तासांनी हीटर बंद करायचा, पण बाटली बाहेर काढायची नाही. पाण्यासकट सावकाश निवू द्यायची, ओट्यावरच्या तुपासारखी. रात्रभर गेली की सकाळी पट्टी काढून धुवायची, वाळवायची आणि थेंब ठेवून बघायचा. मग सुईखाली.